पहिले हजार किलोमीटर

पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही, असं शोरूमवाल्याने बजावलं होतं. आश्रमशाळेत स्वयंपाक करणारा वारलू ते इमानेइतबारे पाळत होता. नवी गाडी घेऊनही जंगलातल्या रस्त्याने रोज बैलगाडीसारखं जायचं, तसंच परतायचं. पाठीचा पार भुगा झाला होता. त्यात सहाशे किलोमीटर झाल्यावर इंजिनातून घरघर येऊ लागली.

शेवटी दुपारी तो दिनेश मिस्त्रीकडे गेला. दिनेशने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मुठीला कान लावला आणि डोळे मिटले.

“आता बंद कर,” तो म्हणाला.

“कवाचीच बंद केली, भाऊ. चावी माह्या हातात हाये.”

दिनेशने डोळे उघडले. स्क्रूड्रायव्हर वारलूच्या हातात दिला.

वारलूने कान लावला. आत, खूप खोल, कोणीतरी लांबून चालत आल्यासारखं धापा टाकत होतं. नीट ऐकू यावं म्हणून त्याने श्वास रोखला. धापा थांबल्या. मग आतून थकलेला आवाज आला, “अजून किती राह्यलं?”

वारलूने झटकन मान वर केली. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दिनेशने विचारलं,

“तुलेबी इचारलं का?”