कॅप्टन टिलमनची खुर्ची

ऑर्विल टिलमनला मिळणार होतं काय, तर जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची. पण ती फिलाडेल्फियातल्या आमच्या मंडळाची! अमेरिकन यादवी युद्धातल्या एका अधिकाऱ्यामागे एकच वंशज सभासद, हा आमचा नियम. आधी ती जागा असलेला चुलतभाऊ वारला, तेव्हा ऑर्विलचा नंबर लागला. जन्मभर दुकानात उभ्याने बूट विकलेल्या माणसाला एरवी इतक्या मानाने कोण बसवतं?

दुपारी कासवाचं सूप आलं. आम्ही सगळे दमलेले, आपापल्या खुर्चीमागे उभे होतो. सचिवाने ऑर्विलच्या पूर्वजाचं, कॅप्टन टिलमनचं, नाव पुकारलं.

"हजर!" ऑर्विल छाती काढून म्हणाला.

त्याच्यापुढची खुर्ची आपोआप मागे सरली. कोणी जड माणूस टेकावा तशी करकरली. पाठोपाठ एक लांब सुस्कारा ऐकू आला.

ऑर्विलने खुर्ची ओढून पाहिली. हलेना.

"राहू दे रे," मी म्हणालो. "पहिल्या वर्षी मीही ओढली होती."

"मग जेवता कसे?"

"उभ्यानेच. सूप गार होतंय, घे."

थट्टा समजून तो खूप हसला.

संध्याकाळी त्याच्या बायकोचा, लेनोरचा, फोन आला. "अहो, हे आल्यापासून घरातली एकही खुर्ची हलत नाही. पलंगावरही कुणीतरी बसल्यासारखा खड्डा पडलाय."

"सवय होईल त्याला."

"त्यांचं राहू द्या हो! माझे गुडघे गेलेत. मी कुठे टेकू?"

हिशेब असा, की कॅप्टनला विसावा मिळाला, ऑर्विलला मान मिळाला. आणि उभी राहिली लेनोर, जिने कुणाच्याच नावाला 'हजर' म्हटलं नव्हतं.