अंगी लागणं

"दाणा तोच आहे, काका," काट्यावरची टुणटुणीत कोंबडी उतरवत कोंबड्यांचे डॉक्टर म्हणाले. "पूर्वी नुसताच पोटातून जायचा. आता खाद्यात एन्झाइम घालताय, म्हणून अंगी लागतोय." मग त्यांनी पोल्ट्रीवाल्या काकांकडंच निरखून पाहिलं. "तुम्ही मात्र पार वाळलात. काकू गेल्यापासून धड जेवता ना?"

"जेवतो की. ती करायची तस्संच करतो."

संध्याकाळी काकांनी ताट वाढून घेतलं. भाजी तीच, मीठही बेतशीर. चार घास झाल्यावर त्यांनी सवयीनं ताटावर आडवा हात धरला. "नको, पुरे आता," म्हणाले.

ती तो हात बाजूला सारून वाढायचीच. तिला वाढायला लागायचा तेवढा वेळ ते हात तसाच आडवा धरून बसून राहिले.