लाकूड कुठलं

"लाकूड कुठलं?" वसंतरावांनी विचारलं.

दारात धोंडीराम उभा होता आणि त्याच्या दोन्ही हातांत एक बुटकं, नवंकोरं स्टूल होतं. पॉलिशचा वास त्याच्याआधी घरात शिरला होता. शुक्रवारची सकाळ. दोह्याच्या बिन महमूद भागातली ही अख्खी इमारत अजून नाश्त्यावर होती. सोफ्यावर पाय घेऊन बसलेल्या गार्गीला वाटलं, झालं, आता आजोबा आणि धोंडीरामकाका तासभर तरी हलत नाहीत. आजोबा लेकीकडे राहायला आल्यापासून, गेले पाच महिने, दर शुक्रवारी असंच तर चाललं होतं. खालच्या बागेतला बाक, त्यावर उदगीरकडचा एक सुतार आणि एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश. आजोबांनी उदगीरच्या कोर्टात तीन वर्षं काढली होती आणि त्यांना तिथली एकही गल्ली माहीत नव्हती. सगळं गाव त्यांना धोंडीरामने दोह्यातल्या बाकावर बसून दाखवलं.

"बूट घालायला केलंय, नाना," धोंडीराम म्हणाला. "तुम्हाला वाकता येईना. दर वेळी खालच्या पायरीवर बसून घालता, मी काय बघत नाही व्हय? आज जायलोय मी. स्टेडियम झालं. वर्ल्ड कपची पाहुणेमंडळी यायच्या आत आम्हाला गावाकडं पाठवायलेत."

"लाकूड कुठलं, ते विचारलं मी."

"साइटवरचं. मोठ्या लोकांच्या खुर्च्या केल्या, त्यातलं उरलेलं."

"म्हणजे कंपनीचं."

"तुकडे ओ, नाना. फेकूनच देणार होते."

"फेकेपर्यंत मालकी कंपनीचीच. परवानगी घेतली होती? हो की नाही, एवढंच सांगा."

"आजोबा, सीरियसली?" गार्गी म्हणाली.

वसंतरावांनी तिच्याकडे न बघता एक बोट वर केलं. त्यांचं पोक गेलं होतं. चष्मा नाकावर खाली आला होता आणि हनुवटी वर. असे आजोबा गार्गीने कधी पाहिलेच नव्हते, फक्त ऐकले होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत दारात आलेली एकही वस्तू त्यांनी घरात घेतली नव्हती. गार्गीच्या आईला सातव्या वाढदिवसाला एका वकिलाच्या मुलीने कंपासपेटी दिली, तर तीसुद्धा त्याच संध्याकाळी शिपायाबरोबर परत गेली. आई हा किस्सा पाहुण्यांना हसत हसत सांगायची. दर वेळी थोडं कमी हसायची.

धोंडीराम अजून स्टूल धरून उभा होता. जड असणार. खाली ठेवा, असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं.

"परवानगी कोणी दिली? तोंडी की लेखी?"

"लेखी, साहेब."

नाना नाही, साहेब. गार्गीने ऐकलं. आजोबांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

धोंडीरामने स्टूल उंबऱ्याबाहेर टेकवलं आणि शर्टाच्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढून पुढे केला. वसंतरावांनी तो उलगडला, उजेडाकडे धरला. वस्तू, लाकडी स्टूल, नग एक. तारीख. सुपरवायझरची सही. शिक्का. शिक्का दिसला तसे ते थांबले आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते खरोखर खूश झाले होते.

"मग हे आधी सांगायचं की. सगळं रीतसर आहे. या, आत या. गार्गी, चहा टाक."

धोंडीराम आत आला नाही. त्याने स्टूल हाताने हळूच उंबऱ्याच्या आत सरकवलं.

"हा कागद गेटवरच्या सिक्युरिटीला दाखवायला केला होता, साहेब," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तुमच्या दारात लागंल असं वाटलं नव्हतं."

"अहो, मला विचारावंच लागतं. तुम्ही असा गैरसमज..."

"न्हाई न्हाई. बरोबरच हाय तुमचं. येतो. खाली बस थांबलीय."

लिफ्ट आली. लिफ्ट गेली.

गार्गीला खूप बोलायचं होतं. हल्ली ती कुणालाही काहीही बोलायची, शाळेत प्रिन्सिपल मॅडमनासुद्धा. पण आजोबा दाराची कडी धरून तसेच उभे होते, कुणी परत येणार असल्यासारखे.

"त्याचा नंबर असेल ना गं आपल्याकडे?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

"तुम्ही घेतलाच नाहीत. तो देत होता, तेव्हा राहू दे म्हणालात."

"हो. सवयच नाही. नंबर दिला की लोक कामं घेऊन येतात."

"तो काय काम घेऊन आला होता, आजोबा?"

गार्गीने त्यांच्या हातातला कागद काढून घेतला. इंग्रजी आणि अरबीत छापलेला फॉर्म, आणि शिक्क्याच्या खाली पेनने भरलेल्या आणखी दोन ओळी.

"तुम्ही हे वाचलंच नाही. 'उरलेले लाकूड फक्त कामगाराच्या नातेवाइकास,' असं छापलंय." ती मराठी करत करत, अडखळत वाचत होती. "नाव, वसंतराव. नातं..."

"काय लिहिलंय?"

"मोठा भाऊ." गार्गीने मान वर केली. "आजोबा, हे तर खोटं आहे."

वसंतरावांनी चष्मा काढला.

"दहा मिनिटांपूर्वीपर्यंत खरं होतं," ते म्हणाले.