वरच्या खिळ्यावरचा क्यू

गुरुवारी दुपारी दीड वाजता दातांच्या डॉक्टर दुकानात आल्या, पर्स काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, आजचा शेवटचा. वरच्या मजल्यावरचा दवाखाना बंद करून त्या बहिणीच्या गावी कायमच्या निघाल्या होत्या. सोमवारी सामानाचा ट्रक येणार होता.

क्यूवाले काका एका क्यूच्या, म्हणजे पूल-बिलियर्ड्स खेळायच्या काठीच्या, टोकाला चामड्याची टिप चिकटवत होते. ती वाकडी बसली.

काकांच्या दुकानात भिंतीवर ओळीने क्यू लावलेले होते आणि मधोमध एक पूल टेबल, गिऱ्हाइकाने मारून पाहावं म्हणून. सगळे क्यू विकायचेच होते. फक्त सगळ्यांत वरच्या खिळ्यावरचा, काकांनी स्वतःच्या हाताने घडवलेला, विकायचा होता आणि नव्हताही. तो ज्याला हवा त्याने कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाला, चिकटलेला बॉल कुशनच्या कडेकडेने नेऊन कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये घालायचा. आठवड्यातून एकच प्रयत्न. घातला, तर क्यू त्याचा, सांगितल्या किमतीला.

कसा मारायचा असं कोणी विचारलं की काका मोठ्या आपुलकीने समजावून सांगत. पांढऱ्या बॉलला कुशनच्या अंगाने मारा, तिकडची फिरकी द्या, आणि तो आधी बॉलला लागू द्या. हे धादांत खोटं होतं. खरं नेमकं याच्या उलट होतं. पण काकांचा जीव त्या क्यूत अडकला होता, आणि देणार नाही असं तोंडावर सांगायचा त्यांचा स्वभाव नव्हता. गिऱ्हाईक दोनदा-तीनदा चुकायचं आणि दुसरा क्यू घेऊन जायचं. एखादा मुरलेला खेळाडू गल्लीत शिरताना दिसला, तर काका लगबगीने तो क्यू पोटमाळ्यावर ठेवून यायचे.

डॉक्टर मात्र तीन वर्षं चुकत होत्या. दर गुरुवारी, न कंटाळता. बाकी कुठे त्या खेळायच्या नाहीत. काकांनी सांगितलं तस्सं मारायच्या, आणि बॉल पॉकेटच्या तोंडाशी आपटून परत यायचा. मग दोन घोट चहा, काकूंशी चार गप्पा, की गेल्या वर. मधल्या काळात त्यांनी काकांची अक्कलदाढही काढली. मुंगी चावल्याइतकंही दुखणार नाही म्हणाल्या होत्या. काकांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि पुढचे चार दिवस त्यांनी नुसत्या दुधावर काढले. पण बाजारभर ते सांगत सुटले की डॉक्टरांचा हात फुलासारखा आहे, कळलंसुद्धा नाही.

आज काका म्हणाले, एवढी वर्षं येताय, घेऊनच जा तो क्यू. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. नियम तो नियम, न जिंकलेला क्यू घरात कशाला ठेवायचा.

"तुम्ही शिकवायचं काही बाकी ठेवलं नाहीत, काका," खडू घासत त्या म्हणाल्या. "माझाच हात बसत नाही, त्याला कोण काय करणार."

काउंटरमागून काकूंनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. तीन वर्षं त्या त्याला या खोट्यावरून टोकत होत्या. आज काहीच बोलल्या नाहीत, आणि ते जास्त लागलं.

डॉक्टर टेबलावर वाकल्या. कोपर मागे गेलं. काका गप्प राहिले असते तर सगळं जागच्या जागी राहणार होतं, क्यू खिळ्यावर आणि काकांचं नाव डॉक्टरांच्या मनात. फक्त ही बाई आपला हातच वाईट आहे असं समजून जन्मभर बसली असती. काकांना स्वतःची लाज वाटली.

"थांबा," ते म्हणाले. "दुसऱ्या बाजूने मारा. कुशनपासून लांबच्या. आणि आधी कुशनला लागू द्या, केसभर. मग बॉलला."

डॉक्टर वाकलेल्याच राहिल्या. "हे कधी कळलं तुम्हाला?"

"तो क्यू घडवला, त्याच्याही आधीपासून ठाऊक आहे."

डॉक्टर क्यू टाकून निघून जाणार, अशी काकांची खात्री झाली. डॉक्टरांनी क्यूचं टोक अर्ध्या बोटाने पलीकडे सरकवलं आणि मारलं. पांढरा कुशनला जेमतेम घासला, आणि बॉल शहाण्या मुलासारखा कडेकडेने चालत जाऊन पॉकेटमध्ये पडला.

काका स्टुलावर चढले. क्यू खाली काढला, मधला आटा फिरवून त्याचे दोन भाग केले आणि धूळ नसतानाही फडक्याने पुसून पेटीत ठेवले. क्यू गेल्याचं दुःख त्यांना वाटलं होतं तेवढं होत नव्हतं. डॉक्टर एक अक्षर बोलत नव्हत्या, ते सहन होत नव्हतं.

पैसे देऊन, काकूंना मिठी मारून, पेटी काखेत घेऊन डॉक्टर दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"काका, तुमची दाढ काढताना मी म्हणाले होते ना, दुखणार नाही म्हणून? मला माहीत होतं, दुखणार आहे. खरं सांगितलं असतं तर तुम्ही खुर्चीवरून उठून पळाला असता." मग त्यांनी विचारलं, "खूप दुखलं होतं का हो?"

काकांनी फडक्याची घडी केली, ती परत मोडली.

"छे," ते म्हणाले. "कळलंसुद्धा नाही."

काउंटरमागे काकूंना जोराचा खोकला आला.