पाटीवरचा शब्द

"मॅडम, ती पाटी उतरवा," सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी टिपणीस मला म्हणाले. "मसाज म्हटलं की लोकांच्या मनात काय येतं, ठाऊक आहे ना? निदान 'वेलनेस' तरी लिहा."

"मी मसाज शिकले, मसाजच करते. दुसरं नाव का लावू?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले, पण मी खाली बसले नाही.

"बरं," टिपणीस सगळ्यांकडे वळले. "पाटी राहावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

सगळे मोबाइलमध्ये बघू लागले. मग पहिल्या रांगेतून एक हात वर गेला, ताठ, अगदी कानाला लागून. टिपणिसांच्या आईचा. दिवाळीत तो खांद्यापर्यंतही जात नव्हता. वेणी सून घालून द्यायची.

"आई, तुझा हात...?"

"मसाजनं सुटला. तुला सांगितलं नव्हतं."

मागून बायकांचे हात भराभर वर आले.

"बघतोस काय? मोज आता."