सासऱ्यांचा बोन्साय

लेकीने नर्सरीत काम करणाऱ्या मुलाशी लग्न केलं, म्हणून सासरे लग्नाला गेले नव्हते. जावयाने पाठवलेला बोन्साय त्यांनी दोन वर्षं कपाटावर ठेवून दिला. सासूबाईंना आठवण झाली, तरच त्याला पाणी मिळे. एका रविवारी तीच कुंडी पिशवीत घालून ते जावयाच्या दारात उभे राहिले.

"वाळलंय," एवढंच म्हणाले.

जावयाने नखाने साल खरवडून पाहिली. "आत हिरवं आहे, बाबा. जगेल. पण वेळ लागेल."

त्याने कुजकी मुळं छाटली, माती बदलली आणि कुंडी खिडकीत ठेवली. सासरे दर रविवारी झाड बघायला येऊ लागले. सुरुवातीला उभ्या उभ्याच निघत. पुढे लेकीच्या हातचा चहा होऊ लागला, आणि एकदा तर जेवूनच गेले.

सहाव्या महिन्यात झाड पानांनी भरलं. जावयाने कुंडी पुसून त्यांच्या हातात दिली.

"घ्या, बाबा. आता अगदी ठणठणीत आहे."

सासऱ्यांनी एक पान चिमटीत धरलं, बराच वेळ निरखलं.

"छे हो, जावईबापू. मला तर अजून अशक्तच वाटतंय."