गोऱ्याची पेटी

गोऱ्याने पेटी काउंटरवर ठेवली, पण तिच्यावरचा हात काही काढला नाही. मुनाफच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

सौदीतल्या हुफूफच्या बाजारातल्या त्याच्या कार्गोच्या दुकानात कोकणातली माणसं यायची, केरळची यायची. दूधपावडरचे डबे, ब्लँकेटं, खजूर, टीव्ही गावाकडे धाडायची. गोरा माणूस आजवर पायरी चढला नव्हता. हा तर पेटीवर पत्ता चिकटवूनच आला होता: गुरुनाथ सावंत, आंबोली, तालुका सावंतवाडी.

"तुमचं कोण तिथं?" मुनाफने आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

"मित्र."

"आंबोलीला?"

"लेबनॉनला झाला. शांतिसेनेत. मी आयरिश फौजेचा, तो भारतीय. दोघंही बँडात." एवढं बोलून गोरा दम खायला थांबला. नाव डर्मट, अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर आग विझवायला शिकवतो, असं त्याच्या कार्डावर होतं.

"मग कुरिअरने का नाही पाठवत?"

"दोनदा परत आली. त्यांना घर सापडत नाही. तुम्ही दारात नेऊन देता म्हणे."

देत होता, ते खरंच होतं. पण गोड बोलून पेटी गळ्यात मारणारे मुनाफने पाहिले होते. मागे एकाच्या पेटीत नको ते सापडलं आणि कस्टमने अख्खा कंटेनर अडकवून ठेवला. लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्या खाल्ल्याच, वर ज्याच्या जामिनावर तो इथे राहत होता त्या अरब कफीलने दम भरला: पुन्हा असं झालं तर इकामा, राहण्याचा परवाना, खलास, बोजाबिस्तरा आवरायचा. बायकोला, हफीजाला, आणि शाळेत जाणाऱ्या लेकीला, दुआलाही आवरावा लागणार होता.

"उघडा," तो म्हणाला.

आत काळ्या लाकडाच्या नळ्या होत्या, काही लांब, काही आखूड, टोकांना धातूची कडी. मधोमध कातड्याची एक मोठी पिशवी आडवी पडलेली. फौजेच्या बँडात हिला बॅगपाइप म्हणतात, डर्मटने सांगितलं. मुनाफने नळ्या पाहिल्या, पिशवी पाहिली, मग आयरिश माणसाकडे पाहिलं. दारूबंदीच्या या मुलखात परदेशी वसाहतींतले गोरे घरच्या घरी काय काय गाळतात, हे हुफूफात कुणाला ठाऊक नव्हतं?

"वाजवून दाखवा."

डर्मटने मान हलवली. "नाही वाजवणार."

"वाजवणार नाही, की येत नाही?"

"आता येत नाही."

सापडला लेकाचा! मुनाफने कफीलला फोन लावायला मोबाइल उचलला. मागे खोक्यांना टेप लावत बसलेली हफीजा तशीच उठून पुढे आली.

"अहो, ओठ बघा त्याचे. निळे पडलेत. दोन पायऱ्या चढला तर धापा टाकतोय, तो काय डोंबल फुंकणार?"

मराठी कळलं नाही तरी ती कशाकडे बोट दाखवतेय ते डर्मटला कळलं. त्याने छातीवर हात ठेवला. "एक फुप्फुस काढलं. दुसरं कामचुकार आहे. या कातड्यात रोज श्वास जावा लागतो, नाहीतर ते वाळून तडकतं. इथल्या हवेत तर फारच लवकर. गुरुनाथची छाती अजून शाबूत आहे."

"तिकडे काय वाजवायचे तुम्ही?" हफीजाने हिंदीत विचारलं, मुनाफने ते इंग्रजीत करून सांगितलं.

"जे जिवंत परत गेले नाहीत, त्यांना निरोप. आमचे गेले की मी वाजवायचो. शेवटी शेवटी गुरुनाथ माझ्याबरोबर उभा राहायचा."

मुनाफला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. माणूस फसतो तो नेमका अशाच वेळी. "वाजलेलं ऐकल्याशिवाय घेणार नाही," त्याने ठणकावलं.

"मग तुम्ही फुंका," डर्मट म्हणाला. "बोटं माझी."

"कातडं कसलं? डुकराचं?"

"मेंढीचं. माझ्या काकाच्या कळपातलीच होती."

मुनाफने फुंकायची नळी सदऱ्याने पुसली, पुन्हा पुसली, बिस्मिल्ला म्हटलं आणि तोंडाला लावली. डर्मट खजुराच्या खोक्यावर बसला, पिशवी काखेत घेऊन. पहिल्या फुंकीला बोकड खोकल्यासारखा आवाज निघाला आणि हफीजा तोंडावर ओढणी धरून हसली.

"चूल फुंकताय का? दमानं घ्या."

त्याने दमानं घेतलं. पिशवी फुगली, डर्मटचा कोपर आत दाबला गेला, आणि एवढ्याशा दुकानात आवाज मावेना. एका सुराच्या खाली दुसरा, त्याच्यावर बोटं संथ चालत होती. समोरचा खजूरवाला दुकान सोडून काचेशी येऊन उभा राहिला. हफीजाचं हसू कधीच मावळलं होतं. डर्मटचे डोळे मिटलेले होते आणि मिटल्या पापण्यांखालून पाणी गालांवर उतरत होतं. ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

मुनाफचे डोळे मात्र उघडे होते. ते उघड्या पेटीवर फिरले आणि एका कोपऱ्यात अडकले. तांबड्या मखमली अस्तराची शिवण तिथे उसवून काळ्या दोऱ्याने पुन्हा घातली होती. ताजी होती. खाली काहीतरी फुगलेलं होतं.

विचारायलाच हवं होतं, आत्ता, याच क्षणी. पण विचारायचं तर नळी तोंडातून काढावी लागणार. पिशवी बसणार, सूर मध्येच तुटणार, आणि हा माणूस डोळे उघडून आपल्याकडे बघणार.

शिवणीवरची नजर न काढता मुनाफने नाकाने छाती भरून घेतली आणि पुन्हा फुंकलं.